मुलीबाबत हरकत नाही

गेल्या आठवड्यात तिसरीचा गणिताचा पेपर होता. एप्रिलच्या मध्याला आमच्या शाळेत एक ठरलेला वास असतो. कोऱ्या उत्तरपत्रिकांचा, मुलांच्या घामाचा आणि खिडकीपलीकडच्या रानात काढून पसरलेल्या कांद्यांचा. मंचरपासून थोडी आत, वाडीवस्तीवरची शाळा. सकाळी साडेदहालाच पत्रे तापतात. घंटा व्हायच्या आधी मी व्हरांड्यातून चालले होते, तर एक आजी आपल्या नातीला भिंतीशी उभं करून उजळणी घेत होती. मला वाटलं, पाढे असतील. बरं वाटलं. आमच्याकडे पाढे घेणाऱ्या आज्या कमीच.

"काय म्हनायचं?" आजी विचारत होती.

"बाबा दारू पिऊन येत्यात आन मारत्यात."

"मोट्यानं म्हन की. आन मग?"

"मग रडायचं."

"हां. रडल्याबिगर साहेब आयकत न्हाई."

मी म्हटलं, "आजी, पेपर आहे तिचा. आत जाऊ द्या तिला."

"असू द्या की बाई," आजी शांतपणे म्हणाली. "ह्यो पेपर पुढल्या वर्षी बी देता यील. त्यो सोमवारी हाय."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. परीक्षेच्या दिवशी मुलं जशी बघतात तसंच. पाठ केलेलं आठवेल ना, चुकलं तर कोण रागवेल. मी तिला हाताला धरून वर्गात नेऊन बसवलं, पेपर वाटले, आणि व्हरांड्याच्या टोकाला नळावर जाऊन चूळ भरली. तोंडात कडू पाणी आलं होतं. दरवर्षी येतं. एप्रिल लोकांना आंब्यासाठी आठवतो, सुट्टीसाठी आठवतो. मला तो शिसारीसाठी आठवतो.

आमचा तो एप्रिल शहाण्णव सालचा. मी सहावीत होते आणि माझा भाऊ सिद्धार्थ, आमचा सिदू, नुकताच पाच वर्षांचा होऊन गेला होता. आईचं माहेर घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला. आम्ही तिथे मामाच्या घरी राहायचो. वडील पार दुसऱ्या टोकाला, आण्याच्या पठारावर. आळेफाटा ते आणे अशी वडापची, सवाऱ्या भरून नेणारी जीप चालवायचे. सिदू दीड वर्षाचा असताना त्यांचा घटस्फोट झाला, दोघांच्या संमतीनं. का झाला ते मला नीट कधीच कळलं नाही. आई वाईट नव्हती, वडीलही वाईट नव्हते. ते एकमेकांना नको होते, एवढंच. मला अजूनही त्यात काही भयंकर वाटत नाही. भयंकर ते पुढे झालं, आणि ते केलं शहाण्यासुरत्या, नीटनेटके कपडे घातलेल्या माणसांनी.

आई अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी लवकर जायची, दुपार कलल्यावर यायची. त्यामुळे सिदूला अंघोळ घालणं, त्याची चड्डी शोधणं, त्याला भात कालवून देणं हे सगळं माझ्याकडे. तो मला 'ताय' म्हणायचा. करवंदं खाताना बिया काढून दिल्याशिवाय खायचा नाही, आणि झोपताना माझ्या वेणीचं टोक मुठीत धरायचा. उन्हाळ्यात त्या मुठीला घाम यायचा आणि माझे केस ओले व्हायचे. मी वेणी सोडवायला गेले की झोपेतच कुरकुरायचा. शेवटी मी तशीच झोपायचे, मान वाकडी करून.

घटस्फोटाच्या वेळी दोन्ही मुलं आईकडे आणि वडिलांनी पोटगी द्यायची, असं ठरलं होतं. सुरुवातीला ती आली, मग येईनाशी झाली. आईनं कोर्टात अर्ज केला. वसुलीची नोटीस आण्याला गेली आणि तिकडच्या वकिलानं वडिलांना रस्ता दाखवला. पोरगा पाचाच्या वर गेलाय. लहान मूल आईकडे, हे तोवरच. आता बाप नैसर्गिक पालक. पोराचा ताबा मागा, म्हणजे त्याच्या पोटगीचाही प्रश्न मिटला. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतं, आणि कळलं म्हणून काही हलकं वाटत नाही. एका मुलाला घरी आणायचं ते त्याला खाऊ घालायला लागू नये म्हणून. ह्या वाक्यातला पेच कुणाला दिसला नाही. वडिलांना नाही, वकिलाला नाही, कायद्याला तर नाहीच.

त्या महिन्यात आमच्या घरात दोन परीक्षा चालू होत्या. मी ओटीवर बसून इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायचे आणि आत मामा सिदूला समोर बसवून दुसरंच पाठ करून घ्यायचा. मामा पंचायत समितीत कारकून होता. बोलायला एकदम टापटीप.

"साहेबांनी विचारलं, बाबा कसे आहेत, तर काय सांगायचं?"

"बाबा मारतात."

"कशानं मारतात?"

सिदू विचारात पडायचा. त्याला बाबांनी कधी बोटही लावलं नव्हतं. "चेंडूनं?" तो विचारायचा.

"चेंडूनं नाही रे, पट्ट्यानं!"

आई चुलीपुढे असायची. ती वळून बघायची नाही. एकदा मी तिला म्हटलं, "आई, बाबा मारत नव्हते ना?" तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तू अभ्यास कर तुझा." थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "तिकडं गेला तर परत येणार नाही तो. मग तुझ्या खरेपणाचं काय करू मी?" तिचा राग मला कधी धरता आला नाही. मामाचा मात्र आला, अजून येतो. कारण त्याच आठवड्यात जयंती होती. विहारापुढे मांडव पडला होता, निळ्या पताका वाऱ्यावर फडफडत होत्या, आणि मामा पांढरा शर्ट घालून माईकवर बोलत होता. स्त्रीला समान हक्क, मुलगा-मुलगी समान, कायद्याचं राज्य. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुपारी जेवताना तोच मामा आईला म्हणाला, "पोरीचं काय, ती आपल्याकडंच राहणार आहे, तिला कोण मागतंय? पोरगा जाता कामा नये. पोरगा गेला की गेलीच समज तुझी बाजू." माझ्या ताटात लापशी होती. ती तशीच राहिली.

तिकडे दुसऱ्या पक्षाचीही शिकवणी चालली होती. निकाल लागेपर्यंत दर रविवारी वडिलांनी नारायणगावच्या स्टँडवर येऊन मुलाला भेटायचं, असं कोर्टानं म्हटलं होतं. मुलाला. आई मला सोबत पाठवायची. चैत्रातलं नारायणगाव म्हणजे भिंतीभिंतीवर तमाशाच्या फडांची रंगीत पोस्टरं, रसाच्या गुऱ्हाळांच्या घंटा, टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले टेंपो. वडील सिदूसाठी बॅट आणायचे, वेफर आणायचे. मलाही द्यायचे वेफर. माझ्याशी बोलताना ते जरा ओशाळायचे. "किती वाढलीस गं," असं काहीतरी म्हणून दुसरीकडे बघायचे. त्यांच्याबरोबर आण्याची आजी असायची, वडिलांची आई. ती सिदूला मांडीवर घेऊन त्याच्या कानाशी लागायची.

"तुजी आई जेवाया घालती का रं?"

"घालती."

"तसं नाय म्हनायचं. आई उपाशी ठिवती, म्हनायचं. म्हनशील ना? मंग तुला शायकल."

सिदू घरी येताना बसमध्ये मला विचारायचा, "ताय, उपाशी म्हंजी काय?"

कोर्टाची तारीख माझ्या पेपरांच्या आदल्या आठवड्यात आली. तालुक्याचं कोर्ट. आवारात लिंबाची झाडं, झाडांखाली टाइपरायटर घेऊन बसलेली माणसं, भिंतीच्या कोपऱ्यांतून पानाच्या पिचकाऱ्या, आणि वारा फिरला की मुतारीचा वास. तिथे आलेली सगळी माणसं हळू आवाजात बोलत होती, दवाखान्यात बोलतात तशी. मी शाळेच्या गणवेशात होते. मला आणलं होतं ते सिदूला सांभाळायला. तो माझ्याशिवाय अनोळखी माणसाजवळ जायचा नाही.

आमचा पुकारा झाला. वडिलांचा वकील उठला. तेल लावून चापून बसवलेले केस, गोड आवाज. तो बराच वेळ बोलला. त्यातलं मला एकच नीट ऐकू आलं, कारण त्यात मी होते.

"साहेब, आमची मागणी फक्त मुलाच्या ताब्याची आहे. मुलीबाबत आमची काही हरकत नाही. ती आईकडेच राहू द्या."

मला आधी ते चांगलंच वाटलं. शाळेत उशीर झाला आणि बाई म्हणाल्या 'हरकत नाही' की आपण सुटतो. मीही सुटल्यासारखी बसून राहिले. साहेबांनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. आमच्या वकिलानंही मान हलवली. वडील जीपच्या किल्लीनं नख कोरत होते. ते खाली बघत होते, पण त्यांना काही झालं नव्हतं, नुसतं नख कोरत होते. आणि मग, शेवटच्या बाकावर बसल्या बसल्या, मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि कळलं. माझ्यावरून इथे भांडण नाही. मला कुणी जिंकणारही नाही आणि हरणारही नाही. त्या खोलीत कुणी मागे वळून बघितलं असतं, ही बाबत कशी दिसते म्हणून, तरी मला चाललं असतं. कुणी बघितलं नाही.

नंतर साहेबांनी सिदूला आत बोलावलं, त्यांच्या खोलीत. त्यानं माझा हात सोडला नाही, म्हणून मीही आत गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून ठेवला, सिदूला नाव विचारलं, कितवीत जाणार विचारलं. दोन्ही वकील भिंतीशी उभे. टंकलेखक बोटं मोडत बसलेला.

"बरं, सिद्धार्थ," साहेब म्हणाले, "तुला कुणाकडं राहायला आवडतं? आईकडं की बाबांकडं?"

सिदूनं हात मागे बांधले. बालवाडीत कविता म्हणताना उभं राहायला शिकवतात तसा ताठ उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "आई उपाशी ठेवते. बाबा पट्ट्यानं मारतात. मला बाबांकडं राहायचंय. मला आईकडं राहायचंय."

आणि मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "ताय, बरोबर आलं का सगळं?"

टंकलेखक फिसकन हसला. वकीलही हसले. साहेबांचे ओठसुद्धा हलले. तेवढ्यात सिदूच्या चड्डीतून पाणी ओघळायला लागलं. त्याचा ओहोळ टेबलाच्या पायाशी गेला. कुणीतरी शिपायाला फरशी पुसायला हाक मारली. साहेबांनी मला विचारलं, "तू कोण?"

"बहीण," मी म्हटलं.

"बरं. त्याला बाहेर घेऊन जा."

कायद्यानं मला आयुष्यात विचारलेला तेवढा एकच प्रश्न.

बाहेर आलो तर आमच्या आधीच गोष्ट आवारात पोचली होती. दोन्ही बाजूंचे वकील रसवंतीशी एकत्र उभे राहून रस पीत होते, आणि वडिलांचा वकील हात मागे बांधून, ताठ उभा राहून सिदूची नक्कल करून दाखवत होता. आजूबाजूची माणसं पोट धरून हसत होती. मामानं सिदूच्या पाठीत धपाटा घातला. "एवढं शिकवलं त्याची माती केलीस!" आई पदरानं त्याचे पाय पुसत होती. आण्याची आजी जवळ आली आणि वडिलांना म्हणाली, "आपलं वाक्य तर बोल्ला ना त्यो?"

मला त्या दुपारी कुणाचाच राग आला नाही. रागात थोडी तरी ऊब असते. मला त्या सगळ्यांच्या तोंडाचा, हाताचा, बोलण्याचा वास येत होता. आईच्या पदराचाही. मी लिंबाखाली जाऊन ओकले. उन्हामुळे झालं, असं सगळे म्हणाले.

निकाल त्याच आठवड्यात वडिलांच्या बाजूनं लागला. घर आहे, जमीन आहे, आजी आहे, आई दिवसभर कामाला असते, मुलाला बापाची गरज असते. आईला सुट्टीतले अर्धे दिवस आणि महिन्यातला एक रविवार. पोटगीतला सिदूचा वाटा बंद, माझा कागदावर चालू. भाऊ आणि बहीण एकमेकांना कधी भेटणार, ह्याबद्दल त्या सगळ्या कागदांत एक ओळ नव्हती. तसा प्रश्न कुणी उपस्थित केला नव्हता.

सिदूला सोपवायला आम्ही नारायणगावला गेलो. आईनं त्याला नवा शर्ट घातला होता. तिनं रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ती रडलीही नाही. बोलताना नुसती पुन्हा पुन्हा त्याची कॉलर नीट करत राहिली. वडील म्हणाले, "चल रे, पुढं बस, खिडकीशी." सिदूला जीपच्या पुढच्या सीटचं भारी वेड. तो टुणकन चढला. आम्हीही येतोय अशीच त्याची समजूत होती. वडिलांनी जीप चालू केली तेव्हा तो मागे वळून मला ओरडून म्हणाला, "ताय, तू मागं बस!" जीप आळेफाट्याच्या दिशेनं निघाली. त्याचा हात खिडकीतून बाहेर होता, मला मागची जागा दाखवत.

त्या रात्री वेणीला हात लागला नाही, आणि मला झोप आली नाही.

पेपर सुरू झाले. मी भाषेचा दिला, गणिताचा दिला. शेवटच्या दिवशी विज्ञानाचा होता. तो सोडवून बाहेर पडले आणि घरी न जाता सरळ हमरस्त्यावर आले. हातात पॅड, खिशात कंपास. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. प्रत्येक ठिकाणी बस बदलली. कंडक्टरनं विचारलं, "एकटीच का गं?" मी म्हटलं, "भावाकडं चाललेय." त्याला त्यात काही गैर वाटलं नाही. भावाकडे बहिणी जातातच.

आण्याचा घाट चढला की हवा बदलते. आमच्याकडे डोंगर अंगावर येतात, तिथे नुसतं आभाळ. काढणी झालेली ज्वारीची रानं, वाऱ्यानं उडणारी माती, पाण्याच्या टँकरपुढे लागलेली हंड्यांची रांग. घर विचारत गेले. आजी दारात बाजल्यावर बसली होती. मला बघून ती दचकली.

"तू गं कशी आलीस? तुज्या आईनं धाडलं व्हय?"

"नाही. सिदूला भेटायला आले. बाबा कुठायत?"

"भोसरीला. कंपनीत लागलाय. जीप दिली सोडून." आजी पदरानं वारा घेत म्हणाली, "यील की महिन्या-दोन महिन्यानं."

"मग सिदू?"

"सिदू हाय की हितं. बाप हितं नसंना का, पोरगं त्याचंच हाय."

सिदू गोठ्याच्या सावलीत मातीत बसला होता. त्याचं डोकं तुळतुळीत भादरलेलं. मला बघून तो उठला, पण धावत आला नाही. जवळ येऊन उभा राहिला. मी त्याला जवळ घेतलं तर अंग आखडून घेतलं. मग हळूच म्हणाला, "शाळेत कुणी इचारलं तर आई मेली म्हणून सांगायचं. आजी म्हणती."

मी त्याच्या चड्डीची माती झटकली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. गंभीर चेहऱ्यानं, खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं, "ताय, तू पण मेलीस का?"

आजीनं मला जेवायला वाढलं. माणूस म्हणून ती निर्दय नव्हती, हे लिहिलं पाहिजे. पिठलं गरम होतं, भाकरीवर तेल घातलेलं होतं. मी दोन घास खाल्ले. संध्याकाळच्या बसमध्ये तिनंच शेजाऱ्याला सांगून मला बसवून दिलं. घरी पोचले तेव्हा आईनं मला आधी मारलं आणि मग इतकं घट्ट धरलं की कंपासचं टोक माझ्या मांडीत रुतलं. आजी त्याला काय शिकवतेय ते मी तिला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

पुढची गोष्ट लांबत नाही. रविवार आले की सिदूला ताप असायचा, किंवा तो कुठल्या लग्नाला गेलेला असायचा. आई आण्यापर्यंत जाऊन बंद दार बघून यायची. वकील म्हणाला, अवमानाचा अर्ज करू. पुन्हा लिंबाची झाडं, पुन्हा तारखा. वडिलांनी दुसरं लग्न केलं, भोसरीतच राहिले. ज्या बापाच्या गरजेपोटी सिदूला नेलं, तो बाप त्याला सणासुदीला दिसायचा. तसं होतंय का, हे बघायला कोर्टातून कुणी कधी आण्याला गेलं नाही. बघायची तरतूदच नाही. म्हैस विकतानासुद्धा माणूस दुसऱ्याचा गोठा बघून येतो. काही वर्षांनी आईनं जाणं सोडलं. एका लग्नात आम्हाला सिदू दिसला, दहा-अकरा वर्षांचा. आई पुढे झाली, तर तो आजीच्या मागे गेला. त्यानंतर आई लग्नांनाही जाईनाशी झाली.

मी डी.एड. केलं, शाळेला लागले. दोन वर्षांपूर्वी तालुक्याला कायदेविषयक शिबिर होतं. शिक्षकांना सक्तीनं बसवलं होतं. व्यासपीठावर प्रमुख वक्ते म्हणून कोण असावं, तर ते चापून बसवलेले केस, आता पांढरे. विषय होता बालकाचे हित. ते म्हणाले, बालकाचे हित हेच कायद्याच्या दृष्टीने सर्वोच्च. ते म्हणाले, बाप आणि त्यानंतर आई असं कायद्यात असलं, तरी 'त्यानंतर' ह्या शब्दाचा अर्थ वरच्या कोर्टानं आता व्यापक केलाय, कायदे सुधारतायत, काळ बदलतोय. आवाज तसाच गोड. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभी राहिले.

"सर, आईबापांची फारकत झाली आणि मुलं वाटली गेली, तर बहिणीला भावाला भेटायचा अधिकार कुठल्या कलमात आहे?"

त्यांनी मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. ओळखायला आधी बघावं लागतं.

"फार चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "मुलांच्या भावनांचा विचार न्यायालय नेहमीच करतं." मग घड्याळ बघून म्हणाले, "चहा आलाय वाटतं."

सगळे उठले. चहाबरोबर समोसा होता.

पेपरात अधूनमधून येतं, ताब्याचे आणि पोटगीचे कायदे बदलायला हवेत म्हणून. मी ते वाचते. आईला बापाइतका हक्क द्या, असं कुणी लिहितं. बापालाही आईइतका द्या, असं दुसरा कुणी. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही उबग येतो, कारण दोघंही हक्काचंच बोलतात, जसं काही मधे एखादं शेत पडलेलं आहे. पोटगी ज्याच्याकडे मूल त्याच्या हातात, म्हणून मूल ओढायचं. ती मुलाची असते, ते कुठेही झोपलं तरी त्याच्या पोटात जायला हवी, हे साधं वाक्य लिहायला इतकी वर्षं का लागतात? मुलाला विचारायचं तर काळ्या कोटांच्या पहाऱ्यात, फरशीवर उभं करून का विचारायचं? त्याच्या घरी जाऊन, त्याच्याबरोबर बसून, दोन दिवस कुणी गप्पा का मारू नयेत? आणि सगळ्यात आधी, त्या घरात मुलं किती आहेत, हे कुणी मोजून का बघू नये?

त्या दिवशी पेपर संपल्यावर मी त्या तिसरीतल्या पोरीला थांबवून घेतलं. म्हटलं, "सोमवारी तुला जे खरं वाटतं ते सांग. काहीच सांगायचं नसेल तर गप्प राहिलीस तरी चालतं." ती म्हणाली, "मग आजी मारंल." दुसऱ्या दिवशी आजी शाळेत येऊन मुख्याध्यापकांपुढे माझ्या नावानं ओरडून गेली. बाईनं आमच्या केसमधी पडायचं काम न्हाई. मुख्याध्यापक म्हणाले, "कशाला मॅडम, आपल्याला काय करायचंय?" सोमवारी ती पोर गैरहजर होती. मंगळवारी आली. मी काही विचारलं नाही. तिला पुरेसे लोक विचारून गेले होते.

सिदू आला तो गेल्या वर्षी, मे महिन्यात. आण्याची आजी वारली होती. त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली होती, म्हणजे आता त्याचा ताबा कुणाकडेच नव्हता. आम्ही तेव्हा मंचरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो, आई आणि मी. दुपारी दार वाजलं. उंच, काळासावळा, नुकती मिसरूड फुटलेला मुलगा, हातात केळ्यांचा डझन. दुसऱ्याच्या घरी जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून आणलेली. आईनं त्याला दारातच ओळखलं. मग एकदम आत गेली आणि पातेली काढायला लागली. इतकी भांडी वाजली की शेजारीण डोकावून गेली.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी त्याला काय काय विचारलं. बारावी झाली, चाकणला कुठेतरी नोकरी मिळेल म्हणाला. वडिलांबद्दल विचारलं तर म्हणाला, "असतात भोसरीला." प्रत्येक उत्तर नेमकं, थोडक्यात, आणि दिल्यावर तो थांबायचा, पुढचा प्रश्न येईल म्हणून. मी विचारणं बंद केलं.

आईनं शिरा केला, वरण-भात केला, कांद्याची भजी केली. त्याला काय आवडतं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून सगळंच केलं. तो सगळं जेवला. पानात काही टाकलं नाही. "छान झालंय," असं दोनदा म्हणाला. आई समोर बसून त्याच्या हाताकडे बघत होती, घास कसा करतो ते. कोणाच्या घरची ती सवय, हे तिला कळत नसावं.

पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी होता. मी त्याचं फुलपात्र भरायला पुढे झाले, तसा तो अर्धवट उठला. ज्यांच्याशी अदबीनं वागायचं असतं, ज्यांना त्रास द्यायचा नसतो, त्यांच्याशी बोलतात तशा हळू, नम्र आवाजात म्हणाला,

"ताई, तुम्ही बसा. मी घेतो."